गाठ मेंदूत, आकसते थायमस: उंदरांतील एका प्रकरणाचा अभ्यास

मेंदूत जीएल२६१ या कर्करोगाच्या पेशी टोचलेला उंदीर काही आठवड्यांनी शवविच्छेदनाच्या टेबलावर येतो, तेव्हा सगळ्यांचे लक्ष कवटीकडे असते. गाठ केवढी वाढली, कुठवर पसरली, तिच्यात टी पेशी, म्हणजे प्रतिकारसंस्थेच्या लढाऊ पांढऱ्या पेशी, शिरल्या की नाही. छाती उघडण्याचे कोणाला कारण नसते. पण उघडलीच, तर उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या माथ्यावर जिथे टी पेशी घडवणारी दोन पाळ्यांची पांढरी, भरीव थायमस ग्रंथी दिसायला हवी, तिथे विरविरीत पापुद्रा हाती लागतो. पोटातली प्लीहाही (पाणथरी, प्रतिकारपेशींचे एक मोठे ठाणे) नेहमीपेक्षा लहान असते. गाठीच्या पेशी या दोन्ही अवयवांवर चाल करून गेल्या म्हणावे, तर तसेही नसते. मेंदूच्या आधारपेशींतून उपजणारे कर्करोग, म्हणजे ग्लायोमा, मज्जासंस्थेच्या बाहेर सहसा पसरत नाहीत. कर्करोग कवटीत आणि पडझड छाती-पोटात, असे हे प्रकरण आहे.

ते नीट उलगडले अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये. कातायून अयासूफी, ॲरन जॉन्सन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध २०२० साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात आला. त्याच्या दोन वर्षे आधी ड्यूक विद्यापीठातील पीटर फेची यांच्या गटाने ‘नेचर मेडिसिन’मध्ये अस्थिमज्जेविषयीचा निबंध प्रसिद्ध केला होता. दोन्ही निबंध एका दमात उद्धृत करायची पद्धत पडली आहे. माझ्या मते त्यामुळे थोडा घोटाळा होतो. तो कसा, हे पुढे येईलच.

तक्रार जुनी आहे

मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांची प्रतिकारशक्ती सगळ्या शरीरभर मंदावते, हे डॉक्टरांना अर्धशतकापासून माहीत आहे. १९७२ साली ब्रूक्स आणि सहकाऱ्यांनी मेंदूत मूळ गाठ असलेल्या रुग्णांची पेशीय प्रतिकारशक्ती दुबळी असल्याचे दाखवले. रुग्णांच्या रक्तद्रवात लिम्फोसाइट पेशींना (टी पेशी याच गटातल्या) दाबणारे काहीतरी आहे, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. हे ‘काहीतरी’ पुढे फार कोणी मनावर घेतले नाही. त्याला एक सबळ कारणही मिळाले. मेंदूची सूज उतरवण्यासाठी रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात, आणि ते लिम्फोसाइट मारते. नंतर टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचे औषध आणि किरणोपचार येतात, त्यांचाही फटका याच पेशींना बसतो. त्यामुळे सीडी४ पेशी (टी पेशींचा एक प्रकार) घटलेल्या दिसल्या की उपचारांकडे बोट दाखवून विषय संपत असे. ड्यूकच्या गटाने उपचार सुरू होण्याआधीचे रुग्ण तपासले, तेव्हा त्यांच्यातही टी पेशी कमी निघाल्या. म्हणजे निदान सगळा दोष औषधांचा नव्हता.

इथे उंदराचा उपयोग होतो. त्याला डेक्सामेथासोन द्यावे लागत नाही, किरणोपचार होत नाहीत. गाठ आहे किंवा नाही, एवढाच फरक राखता येतो.

मेंदू आणि प्रतिकारसंस्था यांच्या नात्याचा आणखी एक जुना प्रयोग इथे आठवतो. १९२३ साली मर्फी आणि स्टर्म यांनी उंदराची गाठ दुसऱ्या जातीच्या प्राण्याच्या, म्हणजे रॅटच्या मेंदूत लावली. शरीरात इतरत्र जी गाठ नाकारली गेली असती, ती मेंदूत वाढली. पण त्याच प्राण्याच्या प्लीहेचा तुकडा गाठीशेजारी ठेवला, तर मेंदूतूनही ती नाकारली गेली. मेंदूला वेगळी वागणूक मिळते हे यावरून ठरले, आणि पुढची कित्येक दशके अभ्यासकांनी मेंदूच्या आतच पाहिले. मेंदू उलट दिशेने, म्हणजे प्लीहेवर आणि थायमसवर काही करतो का, हा प्रश्न बाजूलाच पडला.

प्राणी आणि गाठ

जीएल२६१ या गाठीची मूळ कहाणी १९३९ची. मेथिलकोलँथ्रीन हे कर्कजनक रसायन उंदराच्या मेंदूत ठेवून ती तयार झाली. ती सी५७ ब्लॅक-६ या वाणात वाढते. या वाणाची प्रतिकारसंस्था शाबूत असते, म्हणूनच ती या कामाला उपयोगी. माणसाच्या गाठीच्या पेशी वाढाव्यात म्हणून जे उंदीर वापरतात त्यांच्यात टी पेशीच नसतात. अशा उंदरांत थायमस आकसते का हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

थायमसविषयी थोडे सांगायला हवे. तिचे काम १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी दाखवले. जन्मल्यावर लगेच थायमस काढलेल्या उंदरांत लिम्फोसाइट कमी राहिल्या आणि परकी त्वचाही त्यांनी नाकारली नाही. टी पेशी अस्थिमज्जेत जन्मतात, थायमसमध्ये घडतात. तरुण उंदराच्या थायमसमधल्या पेशींपैकी सुमारे ८० टक्के पेशी सीडी४ आणि सीडी८ या दोन्ही खुणा बाळगणाऱ्या, अर्धवट घडलेल्या असतात. त्या नाजूक असतात. उपासमार, संसर्ग, गर्भारपण, भीती, शस्त्रक्रिया, अफूवर्गीय वेदनाशामक, यांपैकी कशानेही त्या पटापट मरतात आणि थायमस आकसते. १९३६ साली हान्स सेल्ये यांनी ताणाचे त्रिकूट सांगितले, त्यात अधिवृक्क ग्रंथी वाढणे आणि जठरात व्रण होणे यांच्याबरोबर थायमस आकसणे होतेच.

म्हणूनच ‘गाठ असलेल्या उंदराची थायमस आकसली’ एवढ्या निरीक्षणाला फारशी किंमत नाही. आजारी उंदराची थायमस आकसणारच, असे कोणीही म्हणेल, आणि ते बरोबरच असेल. मेयोच्या निबंधाची खरी ताकद पुढच्या प्रश्नात आहे: हे आकसणे कोणाच्या हुकमावरून होते?

संशयित एकेक करून

पहिला संशय ग्लायोमावरच. कदाचित याच पेशी काही खास रसायन सोडत असतील. मेयोच्या गटाने तीन वेगवेगळी प्रतिमाने घेतली: मेंदूत वाढवलेली जीएल२६१, मेंदूत वाढवलेला बी१६ मेलॅनोमा, आणि मेंदूच्या देठात आपोआप उद्भवणारा ग्लायोमा. मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग, तो मेंदूच्या पेशींतून उपजत नाही. तिन्हींत थायमस आकसली. तिसऱ्या प्रतिमानाचे महत्त्व मला जास्त वाटते, कारण त्यात पेशी बाहेरून टोचाव्या लागत नाहीत. कवटीला भोक पाडल्यामुळे, भुलीमुळे किंवा सुईमुळे हे घडले असेल, ही शंका तिथे उरत नाही.

प्लीहा लहान झाली, रक्तातल्या टी पेशी घटल्या, रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरचे एमएचसी वर्ग २ हे रेणूही कमी झाले. हे रेणू म्हणजे टी पेशींना ‘हे बघ, हे परके आहे’ असे दाखवण्याचे साधन. ते कमी झाल्याचे रुग्णांच्या मोनोसाइट पेशींतही दिसलेले आहे. त्यामुळे उंदीर आणि माणूस यांच्यातले साम्य केवळ वजनकाट्यापुरते राहत नाही.

दुसरा संशयित रक्त. तो तपासण्यासाठी वापरलेली पॅराबायोसिस ही पद्धत जुनी आणि पाहायला अस्वस्थ करणारी आहे. दोन उंदीर कडेच्या त्वचेने एकमेकांना शिवून जोडतात. थोड्या दिवसांत त्यांच्यामध्ये केशवाहिन्या तयार होतात आणि रक्त दोघांत फिरू लागते. मग दोघांपैकी एकाच्याच मेंदूत गाठ लावायची. दुसऱ्याचा मेंदू निरोगी, चेतातंतू त्याचे स्वतःचे. गाठवाल्या जोडीदाराकडून त्याला मिळते ते रक्त. तरीही या दुसऱ्या उंदराची थायमस आकसली, टी पेशी घटल्या, एमएचसी वर्ग २ उतरले. म्हणजे निरोप रक्तातून जातो. चेतातंतूंचा काही वाटा असेलही, पण रक्तातला निरोप एकटा पुरेसा आहे.

या जोडीत एक गोष्ट मात्र दुसऱ्या उंदरात दिसली नाही. गाठ असलेल्या उंदराच्या अस्थिमज्जेत टी पेशी साचल्या होत्या. जोडीदाराच्या मज्जेत तसे झाले नाही. हा धागा जपून ठेवू.

तिसरा संशयित स्टिरॉइड. सेल्येंपासूनचा हा सगळ्यांत सोपा खुलासा: मेंदूला त्रास, त्यातून ताण, ताणातून कॉर्टिकोस्टेरोन, आणि त्यातून थायमसचा नाश. उंदरात हे काम कॉर्टिसोल नव्हे तर कॉर्टिकोस्टेरोन करते. गाठ असलेल्या उंदरांचा रक्तद्रव घेऊन तो निरोगी टी पेशींवर टाकला, तेव्हा त्यांचे विभाजन जोरदार दबले. प्राण्यांच्या शरीरातही या रक्तद्रवाचा परिणाम दिसला. त्यात दडलेला घटक स्टिरॉइड जातीचा नाही आणि त्याचा रेणुभार मोठा आहे, असा निष्कर्ष निघाला. कॉर्टिकोस्टेरोनचा रेणुभार साधारण ३४६, म्हणजे अगदी चिमुकला रेणू. मोठ्या रेणूंच्या गटात दबावशक्ती सापडते, तेव्हा ती त्याच्या खात्यावर टाकता येत नाही. मात्र यावरून ताणाची संप्रेरके या उंदरांत निर्दोष आहेत असे सिद्ध होत नाही. शेवटच्या दिवसांत खाणे सोडलेल्या, पाठ कुबडी करून बसलेल्या उंदरात ती वाढणारच. एवढेच म्हणता येते की त्यांना वगळूनही रक्तात पुरेसे दडपण उरते. १९७२च्या त्या ‘काहीतरी’शी हे जुळते, आणि पन्नास वर्षांनी का होईना, त्याची विचारपूस झाली याचे बरे वाटते.

चौथी चाचणी मला सगळ्यांत बोलकी वाटते. कर्करोगच लागतो का? मेंदूला कर्करोगाखेरीज इतर तीव्र इजा केल्या, तरी थायमस आकसली आणि रक्तद्रव दडपशाही करू लागला. मेंदूतली ती इजा निवळली की थायमस पुन्हा भरली आणि रक्तद्रवही निवळला. म्हणजे या सगळ्या प्रतिक्रियेचा मालक गाठ नाही. दुखावलेला मेंदू हा हुकूम देतो. गाठ फक्त अशी इजा आहे जी कधी बरी होत नाही, म्हणून हुकूमही कधी मागे घेतला जात नाही.

पक्षाघाताच्या अभ्यासकांना यात नवल वाटणार नाही. २००३ साली बर्लिनच्या प्रास, मायझल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की मेंदूचा रक्तपुरवठा तोडलेल्या उंदरांत लिम्फोसाइट झपाट्याने घटतात आणि त्यांना न्यूमोनिया होतो. तिथे अनुकंपी चेतासंस्थेचा वाटा मोठा निघाला. तिला आवर घालणारे प्रोप्रॅनोलॉल दिल्यावर संसर्ग टळला. पक्षाघाताचे अभ्यासक एका बाजूला आणि गाठीचे अभ्यासक दुसऱ्या बाजूला, दोघेही आकसलेल्या प्लीहा मोजत होते. त्यांनी एकमेकांचे निबंध आधी वाचले असते, तर ‘ग्लायोमाचे खास रसायन’ शोधण्यात इतकी वर्षे गेली नसती असे मला वाटते.

मज्जेत कोंडलेल्या पेशी

आता तो जपलेला धागा. टी पेशी थायमसमधून किंवा लसीका ग्रंथींतून बाहेर पडते ती एस१पी या मेदरेणूच्या ओढीने. रक्तात आणि लसीकेत त्याचे प्रमाण जास्त, ऊतींच्या आत कमी. पेशीवरचा एस१पी१ हा ग्राहक हा फरक ओळखतो. हा ग्राहक नसलेल्या टी पेशी थायमस आणि लसीका ग्रंथींतून बाहेर पडू शकत नाहीत, हे २००४ मध्ये उंदरांत सिद्ध झाले. मल्टिपल स्क्लेरोसिसवरचे फिंगोलिमोड हे औषध याच ग्राहकाला पेशीच्या आत ओढून टी पेशी लसीका ग्रंथींत अडकवून ठेवते.

फेची यांच्या गटाला गाठ असलेल्या उंदरांत आणि रुग्णांत भोळ्या, म्हणजे अजून कोणत्याही शत्रूशी गाठ न पडलेल्या टी पेशी अस्थिमज्जेत मोठ्या संख्येने साचलेल्या सापडल्या. त्यांच्या पृष्ठभागावरून एस१पी१ नाहीसा झाला होता. वेगवेगळ्या अवयवांचे कर्करोग कवटीत लावले तरी हे घडले. तेच कर्करोग कवटीबाहेर वाढवले तर घडले नाही. एस१पी१ आत ओढला जाऊ नये अशी सोय केल्यावर पेशी मज्जेतून सुटल्या, आणि आधी निष्प्रभ ठरलेल्या टी पेशी चेतवणाऱ्या उपचारांना उंदरांत यश आले.

घोटाळा इथे होतो. ‘मेंदूच्या गाठीमुळे टी पेशी कमी होतात’ या एका वाक्यात थायमसचे आकसणे आणि मज्जेतले कोंडणे एकाच कारणाचे दोन परिणाम असल्यासारखे मांडले जातात. पॅराबायोसिसचा निकाल याला मान्यता देत नाही. थायमसला निरोप रक्तातून मिळतो आणि तो जोडीदारापर्यंत जातो. मज्जेतले कोंडणे गाठवाल्या उंदरापुरतेच राहते. ड्यूकच्या निबंधात मज्जेतली वाढ ठसठशीत होती, मेयोच्या उंदरांत सीडी४ पेशींची वाढ माफक. एकीकडे नव्या पेशींचे उत्पादन घटले, दुसरीकडे तयार पेशींची वाट अडली. एस१पी१ जागेवर ठेवणारे औषध दिले, तर कोंडलेल्या पेशी सुटतील. पण आकसलेली थायमस नव्या पेशी देऊ लागेल, असे त्यावरून निघत नाही.

प्लीहेची उलटी चाल

थायमस आकसणे मेंदूच्या गाठीपुरते मर्यादित नाही. स्तनाच्या ४टी१ कर्करोगातही उंदरांची थायमस आकसते. पण त्याच उंदरांत प्लीहा फुगते, कधी कधी कैक पटींनी, कारण गाठीने सोडलेल्या संकेतांमुळे तिथे अपरिपक्व मायलॉइड पेशींचे (टी पेशींहून वेगळ्या वंशाच्या पांढऱ्या पेशींचे) उत्पादन सुरू होते. मेंदूच्या गाठीत प्लीहा आकसते. एकाच अवयवाची ही दोन तोंडे पाहिली, की ‘कर्करोग प्लीहेचे अमुक करतो’ असे सरसकट विधान करण्याची सोय उरत नाही. म्हणून माझ्या नजरेत मेंदूचा ठसा थायमसपेक्षा प्लीहेवर जास्त स्पष्ट उमटतो. गंमत अशी की बहुतेक चर्चा थायमसचीच होते.

वजनकाट्याचे सापळे

हे प्रयोग करणाऱ्यांसाठी थोडे. थायमसला चिकटून लहान लसीका ग्रंथी असतात. त्या काढल्या नाहीत, तर आकसलेल्या थायमसचे वजन फसवे वाढते. प्लीहेत किती रक्त राहिले, यावर तिचे वजन अवलंबून असते. उंदराला मारण्याची आणि रक्त काढण्याची पद्धत सगळ्या गटांत एकच हवी. वजनाबरोबर पेशींची मोजणी आणि त्यांचे प्रकार पाहायलाच हवेत, कारण नुसते वजन अवयव रिकामा झाला की फक्त सुकला हे सांगत नाही. उंदरांना मानेत दुसरी छोटी थायमस असू शकते, हे २००६ मध्ये कळले. छातीतली मोजून हिशेब पूर्ण होतोच असे नाही. आणि खोटी शस्त्रक्रिया केलेला गट हवा: तीच भूल, तेच वेदनाशामक, तीच सुई, फक्त गाठीच्या पेशी नाहीत. शरीराचे वजन रोज टिपले नसेल, तर उपासमारीचा आक्षेप परतवता येत नाही.

वयाचे भान तर सुटताच कामा नये. प्रयोगातला उंदीर सहसा दोन-तीन महिन्यांचा, भरल्या थायमसचा. ग्लायोब्लास्टोमाचा, म्हणजे सर्वांत आक्रमक ग्लायोमाचा, रुग्ण बहुधा साठीच्या आसपासचा, त्याच्या थायमसची जागा बरीचशी चरबीने घेतलेली. मग उंदरातली थायमस आकसली याचे रुग्णाला काय, हा आक्षेप रास्त आहे. पण प्रौढांची थायमस निरुपयोगी असते, हे गृहीतकही डळमळले आहे. २०२३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात थायमस काढलेल्या प्रौढांत पाच वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण ८.१ टक्के होते. हृदय-छातीच्या तशाच शस्त्रक्रिया होऊन थायमस राहिलेल्यांत २.८ टक्के.

उपचार कोणत्या दिवशी?

इम्युनोथेरपीच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीलाच कर्करोगावर सोडणाऱ्या उपचारांच्या, उंदरांवरील अनेक प्रयोगांत औषध गाठ लावल्यानंतर पहिल्या काही दिवसांतच सुरू होते. तेव्हा गाठ टाचणीच्या टोकाएवढी, थायमस भरलेली, प्लीहा धडधाकट. रुग्ण दवाखान्यात येतो तो डोकेदुखी किंवा झटके सुरू झाल्यावर, म्हणजे गाठीने मेंदूला चांगलेच दुखावल्यावर. उंदीर उपचारांना उत्तम प्रतिसाद देतो आणि रुग्ण देत नाही, याचे नवल करण्याआधी दोघांच्या लसीका अवयवांची अवस्था ताडून पाहायला हवी. निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाच्या ‘चेकमेट १४३’ या चाचणीत, पहिल्या उपचारानंतर गाठ उलटलेल्या रुग्णांत मध्यक आयुर्मान ९.८ महिने भरले, तर तुलनेचे औषध बेव्हॅसिझुमॅब घेणाऱ्यांचे १०.० महिने. हे अपयश फक्त अवयवांच्या आकसण्यामुळे आले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण टी पेशींवरचा ब्रेक काढणारे औषध, टी पेशीच पुरेशा नसलेल्या शरीरात किती चालणार? गाठ मोठी झाल्यावर, थायमस आकसल्याची खात्री करून मग उपचार सुरू करणारा गट अशा प्रत्येक प्रयोगात असावा. त्याने निकाल कमी चमकदार दिसतील, आणि बरेच निबंध त्यामुळे छापलेही जाणार नाहीत.

मज्जेच्या बाबतीत एक गुंता नुकताच वाढला आहे. उंदरांत मज्जा तपासताना ती बहुधा मांडीच्या हाडातून घेतात. २०२४ साली जर्मनीतील एसेनच्या संशोधकांनी ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांत गाठीच्या जवळच्या कवटीच्या हाडातली मज्जा तपासली. तिथे सक्रिय सीडी८ पेशी, म्हणजे मारक टी पेशी, सापडल्या, आणि त्यांचे नाते गाठीतल्या टी पेशींशी जुळले. मांडीच्या मज्जेत भोळ्या पेशी कोंडलेल्या, कवटीच्या मज्जेत लढणाऱ्या पेशी जमलेल्या, अशी दोन चित्रे एकाच वेळी खरी असू शकतात. उंदरांत गाठ लावताना आपण भोक पाडतो ते नेमके याच हाडाला, आणि रुग्णांत शस्त्रक्रियेची वाटही त्यातूनच जाते.